पॉलिइमाइड पटलांचे यांत्रिक शिथिलन

एखादा पदार्थ ताणून त्याची लांबी कायम ठेवली असता त्याच्यातील प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत प्रेरणा) काळानुसार कमी होत जाते. या आविष्काराला यांत्रिक शिथिलन म्हणतात. धातूंमध्ये नेहमीच्या तापमानास ते सहसा नगण्य असते. परंतु बहुवारिकांत (अनेक लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या संयुगांत) ते सहज मोजता येण्याइतके असते. पॉलिइमाइडे हा उष्णतेला अत्यंत टिकाऊ अशा बहुवारिकांचा वर्ग आहे. त्यांची पातळ पटले विद्युत् निरोधन, लवचिक विद्युत् मंडले, अर्धसंवाहक प्रयुक्ती आणि अवकाशयानांची आवरणे यांसाठी वापरतात. ही पटले ४००° से.च्या आसपासही वितळत नाहीत, म्हणून ती पूर्णपणे अचल असावीत असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्यांच्या रेणूंचे काही भाग पाणी गोठण्याच्या तापमानाखालीही हालत असतात. कोणता भाग कोणत्या तापमानास हालू लागतो, हे रेणूच्या घडणीवर अवलंबून असते. या संबंधाचा उलगडा होण्यास सु. शंभर वर्षांची पूर्वतयारी आणि १९६५ नंतरची तीन-चार दशके लागली.

कल्पनेचा उगम : शिथिलनाच्या अभ्यासाची सुरुवात रेशमाच्या धाग्यापासून झाली. जर्मनीतील गटिंगेन येथे चुंबकीय उपकरणांतील चुंबक रेशमी धाग्यांनी टांगलेले असत. व्हिल्हेल्म वेबर यांना १८३५ मध्ये असे आढळले की, धाग्यावर भार टाकताच तो लगेच काही प्रमाणात ताणला जातो आणि त्यानंतरही त्याची लांबी बराच काळ हळूहळू वाढत राहते. भार काढल्यावरही धागा मूळ लांबीवर एकदम न येता सावकाश येतो. या वर्तनाला त्यांनी स्थितिस्थापकतेचा उत्तरपरिणाम मानले. रूडोल्फ कोलराउश यांनी १८५४ मध्ये विद्युत् भाराच्या मंद ऱ्हासाचा अभ्यास करताना, हा ऱ्हास साध्या घातांकी नियमापेक्षा अधिक रेंगाळणारा असतो, हे दाखविले. त्यांनी मांडलेले सूत्र पुढे बहुवारिकांच्या यांत्रिक शिथिलनालाही लागू पडले.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी वायूंच्या गत्यात्मक सिद्धांतावरील १८६७ मधील निबंधात ‘शिथिलन काल’ ही राशी मांडली. पदार्थाची श्यानता (दाटपणा) आणि त्याची दृढता यांच्या गुणोत्तरावरून हा काल मिळतो. तेवढ्या अवधीत प्रतिबल मूळ मूल्याच्या सु. ३७ टक्क्यांवर येते. शिथिलन काल निरीक्षणाच्या काळापेक्षा फार मोठा असेल, तर पदार्थ घन वाटतो व फार लहान असेल, तर तो द्रव वाटतो. लूटव्हिख बोल्ट्समान यांनी १८७४ मध्ये याला आणखी एका विचाराची जोड दिली. पदार्थातील आजचे प्रतिबल हे केवळ आजच्या विकृतीवर (आकारातील बदलावर) अवलंबून नसून पूर्वी वेळोवेळी झालेल्या सर्व विकृतींच्या परिणामांची ती बेरीज असते, असे त्यांनी प्रतिपादिले. अशा पदार्थाला जणू आपल्या पूर्वेतिहासाची स्मृती असते. हे सर्व विवेचन गणिती स्वरूपाचे होते. पदार्थाच्या आत नेमके काय हालते, याचे उत्तर त्यात नव्हते. प्रचंड रेणूंचे अस्तित्व हेर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले आणि त्यानंतरच या प्रश्नाचा विचार रेणूंच्या भाषेत करणे शक्य झाले.

दीर्घ शृंखलेच्या रेणूत हालचाली अनेक प्रकारच्या असतात. एखादा लहान पार्श्वगट किंवा एखादे वलय जागच्या जागी फिरू शकते. त्याला थोडी ऊर्जा पुरते. शृंखलेचा लांब तुकडा सरकावयाचा असेल, तर शेजारच्या अनेक शृंखलांनी वाट द्यावी लागते. त्यासाठी अधिक तापमान लागते. ही दुसरी हालचाल ज्या तापमानास सुरू होते त्यास काच संक्रमण तापमान म्हणतात. त्याखाली बहुवारिक काचेसारखे कठीण असते, त्यावर ते रबरासारखे किंवा दाट द्रवासारखे वागते. या तापमानाच्या वरील भागात काळ व तापमान हे एकमेकांची जागा कसे घेतात, हे दर्शविणारे समीकरण एम. एल. विल्यम्स, आर. एफ. लँडेल व जे. डी. फेरी यांनी १९५५ मध्ये दिले. यामुळे काही तासांच्या प्रयोगांवरून काही वर्षांच्या वर्तनाचा अंदाज बांधण्याची पद्धत रूढ झाली. [⟶ बहुवारिके, स्थितिस्थापकता].

पॉलिइमाइडांचा शोध : एम. टी. बोगर्ट व आर. आर. रेनशॉ या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांना १९०८ मध्ये असे आढळले की, ४-ॲमिनोथॅलिक ॲनहायड्राइड तापविले असता ते वितळत नाही, तर पाणी बाहेर टाकून एक न वितळणारा पदार्थ बनते. हे पॉलिइमाइडाचे पहिले ज्ञात उदाहरण होय. परंतु त्या काळी अशा पदार्थाचा उपयोग कोणास दिसला नाही. पुढे अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीतील डब्ल्यू. एम. एडवर्ड्‌स व आय. एम. रॉबिन्सन यांना १९५५ मध्ये पॉलिइमाइडांचे एकस्व (पेटंट) मिळाले. त्यातील पदार्थांत बेंझीन वलयांच्या दरम्यान कार्बन अणूंच्या लवचिक सरळ शृंखला होत्या. या लवचिक भागांमुळे उष्णतेला टिकण्याची क्षमता मर्यादित राहिली.

लवचिक भागांच्या जागी बेंझीन वलये घातली, तर उष्णतारोध वाढेल हे उघड होते. पण मग तयार होणारा पदार्थ कोणत्याही विद्रावकात विरघळत नसे आणि वितळतही नसे, त्यामुळे त्याला आकार देता येत नसे. या अडचणीतून मार्ग काढणारी द्विपदी पद्धत द्यू पाँ कंपनीतच विकसित झाली. पहिल्या पदात डायॲनहायड्राइड व डायअमाइन यांची ध्रुवीय विद्रावकात विक्रिया करून पॉलिॲमिक अम्ल बनवितात. ते विद्राव्य असते. त्याचा थर पसरून वाळवितात. दुसऱ्या पदात हा थर ३००° से. किंवा त्याहून अधिक तापमानापर्यंत तापविला म्हणजे पाण्याचे रेणू निघून जाऊन शृंखलेत इमाइड वलये तयार होतात आणि पटल कायमचे अविद्राव्य बनते. म्हणजे पदार्थाला आकार आधी मिळतो व त्याचे अंतिम रासायनिक रूप नंतर. पायरोमेलिटिक डायॲनहायड्राइड व ४,४'-ऑक्सिडायॲनिलीन यांपासून मिळणाऱ्या अशा पॉलिइमाइडाचे सविस्तर वर्णन सी. ई. स्रूग व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. ‘एच-फिल्म’ या नावाने आरंभी ओळखले गेलेले हे पटल पुढे ‘कॅप्टन’ या व्यापारी नावाने सर्वत्र पोहोचले. अपोलो चांद्रयानांच्या औष्णिक आवरणांत त्याचे ॲल्युमिनियमाचा लेप दिलेले थर वापरण्यात आले होते.

रेणूची घडण : इमाइड वलय आणि त्याला जोडलेले बेंझीन वलय हे दोन्ही सपाट व ताठ असतात. पायरोमेलिटिक घटकात दोन इमाइड वलये एकाच बेंझीन वलयाला दोन बाजूंनी चिकटलेली असल्याने त्याची एक ताठ फळी बनते. ऑक्सिडायॲनिलीन घटकात मात्र दोन बेंझीन वलयांच्या मध्ये एक ऑक्सिजन अणू असतो. ऑक्सिजनाचे बंध सरळ रेषेत नसून सु. १२०° च्या कोनात असतात व त्यांच्याभोवती वलये फिरू शकतात. त्यामुळे हा अणू बिजागरीचे काम करतो. कॅप्टन पटलाचा रेणू म्हणजे ताठ फळ्या व बिजागऱ्या यांची एकाआड एक जोडलेली साखळी होय.

शेजारील शृंखलांमधील आकर्षणही महत्त्वाचे असते. इमाइड घटकाला इलेक्ट्रॉनांची ओढ असते, तर डायअमाइन घटक इलेक्ट्रॉन देऊ पाहतो. एका शृंखलेतील इमाइड भाग दुसरीतील डायअमाइन भागाशेजारी आला म्हणजे त्यांच्यात अंशतः विद्युत् भाराचे स्थानांतरण होते. आर. ए. डाइन-हार्ट व डब्ल्यू. डब्ल्यू. राइट यांनी १९७१ मध्ये ॲरोमॅटिक इमाइडांच्या गुणधर्मांचा या दृष्टीने विचार केला. पटलांचा मधासारखा पिवळसर-तांबूस रंग या स्थानांतरणामुळे येतो आणि शृंखला एकमेकींवरून सहज न घसरण्यासही तेच काही अंशी कारणीभूत असते. रंग व दृढता यांचे मूळ असे एकच असल्यामुळे पुढे रंगहीन पटले बनविताना संशोधकांपुढे नवी अडचण उभी राहिली.

शिथिलनाचे तीन प्रदेश : पटलाची पट्टी ठराविक कंप्रतेने किंचित ताणून-सोडून किंवा पीळ देऊन तिच्यातील ऊर्जेचा ऱ्हास निरनिराळ्या तापमानांस मोजला असता ज्या तापमानास रेणूचा एखादा भाग त्या कंप्रतेशी जुळणाऱ्या वेगाने हालतो, त्या तापमानास ऱ्हासाचा आलेख उंचावतो. अशा मापनांचे निष्कर्ष १९६५ नंतर लवकरच प्रसिद्ध होऊ लागले व त्यांत शिथिलनाचे तीन प्रदेश आढळले. उच्च तापमानाकडून क्रमाने त्यांना आल्फा, बीटा व गॅमा ही नावे देण्यात आली.

गॅमा शिथिलन शून्याखाली सु. १००° से. च्या आसपास आढळते. पूर्ण वाळविलेल्या पटलात ते क्षीण असते व पटलाने आर्द्रता शोषल्यावर बळावते. इमाइड वलयातील ऑक्सिजन अणूंभोवती पाण्याचे रेणू अडकून राहतात व ते या हालचालीत भाग घेतात, असे यावरून अनुमान काढण्यात आले. कॅप्टन पटल ९८ टक्के सापेक्ष आर्द्रतेत वजनाच्या सु. २.८ टक्के पाणी शोषते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रदेशाचे व्यावहारिक महत्त्व कळते.

बीटा शिथिलन सु. ५०° ते २००° से. या विस्तृत पट्ट्यात पसरलेले असते. त्याच्या मुळाशी काय आहे, याबद्दल दीर्घकाळ मतभेद होते. डायअमाइन घटकातील बेंझीन वलयांचे स्वतःच्या अक्षाभोवती डोलणे, हे त्याचे मुख्य कारण असल्याचे मत हळूहळू पक्के झाले. तथापि अशा वेळी एकच वलय हालते की शेजारचे इमाइड भागही त्याला साथ देतात, हा प्रश्न उरला. अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात फ्रँक हॅरिस, स्टीफन चेंग व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात पद्धतशीरपणे बदललेल्या घडणीची अनेक पॉलिइमाइडे बनवून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. वलयाच्या फिरण्याच्या मार्गात मोठा पार्श्वगट ठेवला, तर बीटा शिथिलन अधिक तापमानाकडे सरकते किंवा दबते. वलयाला मोकळी जागा मिळाली, तर ते कमी तापमानास प्रकट होते. अशा रीतीने आलेखावरील उंचवटा आणि रेणूतील विशिष्ट भाग यांची सांगड घालता आली.

आल्फा शिथिलन म्हणजे काच संक्रमण होय. कॅप्टन पटलात ते मापनपद्धतीनुसार सु. ३६०° ते ४१०° से. या दरम्यान आढळते. पॉलिस्टायरिनासारख्या सामान्य अस्फटिकी बहुवारिकाची दृढता काच संक्रमणाच्या वेळी सु. हजारपटीने घटते, या पटलात ती घट बरीच कमी व पसरट असते. शृंखला अंशतः सुव्यवस्थित रचलेल्या असल्याने त्या संक्रमणानंतरही एकमेकींना बऱ्याच अंशी धरून ठेवतात.

या तीन प्रदेशांवरून पटलाच्या रोजच्या वर्तनाचा अर्थ लागतो. नेहमीच्या तापमानास आल्फा हालचाल पूर्ण गोठलेली असते, म्हणून पटल वाहत नाही. परंतु बीटा हालचालीचा आरंभ झालेला असतो, म्हणून ताणलेल्या पटलातील प्रतिबल सावकाश उतरत राहते. ही घट काळाच्या लॉगरिथमाशी जवळजवळ प्रमाणात असते. पहिल्या ते दहाव्या मिनिटाच्या दरम्यान जेवढी घट होते, साधारणतः तेवढीच दहाव्या ते शंभराव्या आणि पुन्हा शंभराव्या ते हजाराव्या मिनिटाच्या दरम्यान होते. म्हणून शिथिलन कधीच पूर्ण थांबत नाही, मात्र ते अधिकाधिक मंद होत जाते. तापमान वाढल्यास त्याला वेग येतो. कॅप्टन पटलाचा स्थितिस्थापकता गुणांक २३° से. ला सु. २.५ गिगॅपास्काल असतो, तो २००° से. ला सु. २ गिगॅपास्काल होतो. दृढतेतील ही घट लहान वाटली, तरी बीटा प्रदेश ओलांडल्याची ती खूण होय.

पटल किती जुने आहे, यावरही शिथिलन अवलंबून असते. नेदर्लंड्समधील एल. सी. ई. स्ट्रुइक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, काच संक्रमण तापमानाखाली ठेवलेली बहुवारिके कालांतराने अधिक घट्ट होत जातात व त्यांचे शिथिलन मंदावते. त्यामुळे नुकतेच उष्णतासंस्कार करून थंड केलेले पटल आणि तेच पटल काही महिने ठेवल्यानंतर, यांची मोजमापे सारखी येत नाहीत.

गोठलेली विकृती : पटल बनविताना ते चौकटीत किंवा आधारावर घट्ट धरलेले असते. विद्रावक व पाणी निघून जाताना ते आकसू पाहते, पण त्याला आकसता येत नाही. परिणामी शृंखला पटलाच्या पृष्ठाला समांतर पसरतात आणि त्यांच्यातील ताण थंड होताना तसाच गोठतो. पुढे पटल पुन्हा तापविले की बीटा व आल्फा हालचालींना वाव मिळून हा ताण सुटतो व पटल आखडते. कॅप्टनाच्या २५ मायक्रोमीटर जाडीच्या नेहमीच्या पटलात १५०° से. ला अर्ध्या तासात हे आखडणे सु. ०.१७ टक्के, तर ४००° से. ला दोन तासांत सु. १.२५ टक्के असते. १० सेंमी. लांबीच्या पटलावर ०.१७ टक्के म्हणजे ०.१७ मिमी. होतात. ज्या लवचिक मंडलातील तांब्याच्या रेषाच ०.१ मिमी. रुंदीच्या आहेत, त्यात एवढ्या सरकण्याने छिद्रे व रेषा एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून अशा मंडलांसाठी पटल आधी न ताणता तापवून त्याच्यातील ताण सोडवून घेतात.

ताठपणा व बिजागरी : गोठलेला ताण व शिथिलन टाळावयाचे, तर बिजागऱ्या काढून टाकाव्या, असा विचार साहजिकच पुढे आला. पायरोमेलिटिक डायॲनहायड्राइड व पॅरा-फिनिलीन डायअमाइन यांपासून जवळजवळ सरळ काठीसारखा रेणू मिळतो. पण त्याचे पटल ठिसूळ असते. दुमडले की मोडते. बिजागरीमुळे पटलाला शिथिलन हा दोष चिकटतो, पण त्याचे चिवटपण येते तेही तिच्यामुळेच. धक्का किंवा घडी यांची ऊर्जा वलयांच्या व बंधांच्या हालचालीत विखुरली जाते. ती वाट बंद केली की ऊर्जा तडा जाण्यात खर्च होते. रेणूची घडण ठरविणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला दोन्ही गुण एकाच वेळी पूर्णांशाने मिळत नाहीत, हा या विषयाचा गाभा आहे.

या पेचातून जपानमध्ये एक उपयुक्त तडजोड निघाली. ऊबे कंपनीने बायफिनिल टेट्राकार्बॉक्सिलिक डायॲनहायड्राइडापासून बनविलेली ‘यूपिलेक्स’ ही पटले १९८० नंतरच्या दशकात प्रसारात आली. या डायॲनहायड्राइडात दोन बेंझीन वलये एका साध्या कार्बन-कार्बन बंधाने जोडलेली असतात. या बंधाभोवती वलये फिरू शकतात व शृंखलेला किंचित बाकही येतो. पण ऑक्सिजनाच्या बिजागरीइतकी मोकळीक राहत नाही. पॅरा-फिनिलीन डायअमाइनाशी संयोग होऊन बनलेल्या ‘यूपिलेक्स-एस’ या प्रकाराचा स्थितिस्थापकता गुणांक सु. ९ गिगॅपास्काल, म्हणजे कॅप्टनाच्या तिपटीहून अधिक असतो. तरीही ते पटल ठिसूळ नसते. ऑक्सिडायॲनिलीन वापरून केलेला ‘यूपिलेक्स-आर’ हा प्रकार याच कुळातील असूनही बराच मऊ असतो. एकच घटक बदलला असता वर्तन किती पालटते, याचे हे ठळक उदाहरण होय.

सिलिकॉनवरील पटल : संकलित मंडलांतील थर एकमेकांपासून अलग ठेवण्यासाठी पॉलिइमाइड वापरू लागल्यावर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. येथे पटल सिलिकॉनाच्या चकतीवरच तयार करतात. ३००° से. नी थंड होताना सिलिकॉन दर मीटर लांबीमागे सु. ०.८ मिमी. आकसते, तर कॅप्टन जातीचे पटल सु. ६ मिमी. आकसू पाहते. चकतीला चिकटलेले असल्याने त्याला तसे करता येत नाही व त्याच्यात ताण साठतो. त्यामुळे चकती वाकते, पटल सुटते किंवा त्याला तडे जातात. हिताची कंपनीतील एस. नुमाता व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास निरनिराळ्या ॲरोमॅटिक पॉलिइमाइडांचे औष्णिक प्रसरण तपासले. काठीसारख्या रेणूंची पटले, आधारावर घट्ट धरून तयार केली असता, सर्वांत कमी प्रसरण पावतात, असे त्यांत दिसून आले. अशा पटलातील ताण कॅप्टन जातीच्या पटलातील ताणाच्या अंशमात्र असतो.

सिलिकॉनवरील पटलात शिथिलन काही प्रमाणात उपकारकही ठरते. थंड होण्याच्या आरंभी, काच संक्रमणाच्या जवळपास, साठलेला ताण शिथिलनाने उतरतो. म्हणून पटल सावकाश थंड करणे हिताचे असते. पण तीच हालचाल वापराच्या तापमानास चालू राहिली, तर थरांची जाडी व जागा बदलत राहतात. उत्पादनाच्या वेळी शिथिल होणारे व वापराच्या वेळी न होणारे पटल हवे असते. म्हणजेच आल्फा प्रदेश वापराच्या तापमानापासून पुरेसा दूर, पण उत्पादनाच्या तापमानाच्या आवाक्यात असावा लागतो.

जोडणीचे स्थान : रेणूत कोणते अणू आहेत, याइतकेच ते कोठे जोडले आहेत, हेही निर्णायक ठरते. बेंझीन वलयाला समोरासमोरच्या टोकांवर (पॅरा) जोडणी असेल, तर वलय आपल्या अक्षाभोवती शेजाऱ्यांना फारसे न ढकलता फिरू शकते. जोडणी एकाआड एक स्थानी (मेटा) असेल, तर वलय फिरताना शृंखलेचे पुढचे सर्व भाग जागचे हलवावे लागतात. त्यामुळे अशी स्थानिक हालचाल दबते. टेक्सस विद्यापीठातील एम. आर. कोलमन व डब्ल्यू. जे. कोरोस यांनी १९९० मध्ये फ्ल्युओरिनयुक्त अशा दोन पॉलिइमाइडांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांची रासायनिक सूत्रे एकच होती, भेद केवळ जोडणीच्या स्थानाचा होता. पॅरा प्रकाराचे काच संक्रमण तापमान सु. ३२०° से., तर मेटा प्रकाराचे सु. २५५° से. आढळले. म्हणजे मेटा जोडणीने स्थानिक डोलणे आवरले जाते, पण शृंखलेचा सरळपणा मोडल्याने ती एकंदर कमी तापमानास मऊ होते. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या लँग्ली केंद्रात विकसित झालेल्या व सु. २५०° से. ला मऊ होणाऱ्या पॉलिइमाइडातही मेटा जोडणीचाच उपयोग करून घेतला आहे. ते उष्णतेने साच्यात बसविता येते व आसंजक (चिकटविणारा पदार्थ) म्हणून वापरता येते.

वर्णहीन पटले व घड्या : पडद्यांवर घालण्यासाठी पारदर्शक पॉलिइमाइड हवे झाले, तेव्हा शृंखलांमधील विद्युत् भाराचे स्थानांतरण रोखणे भाग पडले. त्यासाठी फ्ल्युओरिनयुक्त अवजड गट घालून शृंखला एकमेकींपासून दूर ठेवण्यात आल्या. या दिशेने लँग्ली केंद्रात १९८० नंतरच्या दशकात बरेच काम झाले. रंग गेला, परंतु त्याबरोबर शृंखलांना बांधून ठेवणारे एक आकर्षणही उणावले. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या घडीच्या भ्रमणध्वनींच्या पडद्यांवर असे वर्णहीन पटल वापरण्यात आले, तेव्हा घडीच्या जागी उमटणारी रेषा सर्वसामान्यांच्याही नजरेस आली. ५० मायक्रोमीटर जाडीचे पटल १.५ मिमी. त्रिज्येत वाकविले असता त्याचा बाहेरचा पृष्ठभाग सु. १.७ टक्के ताणला जातो. उपकरण रात्रभर मिटलेले राहिले की त्या अवस्थेत प्रतिबल शिथिल होते. सकाळी उघडल्यावर पटल पूर्ण सपाट होत नाही. वेबर यांच्या रेशमी धाग्याप्रमाणे ते मूळ स्थितीकडे येते, पण सावकाश व अपुरे. २०२० पासून काही उत्पादकांनी अतितनू काच वापरावयास आरंभ केला. तथापि तिच्या रक्षणासाठीही वर बहुवारिकाचे पटल ठेवावेच लागते.

अवकाशातील उपयोग : शिथिलनाची कसोटी अवकाशात सर्वांत कठोर असते, कारण तेथे पटल पुन्हा ताणून बसविता येत नाही. जपानने २०१० मध्ये सोडलेल्या ‘इकारोस’ या यानाचे सौर शीड १४ मी. बाजूच्या चौरसाच्या आकाराचे व केवळ ७.५ मायक्रोमीटर जाडीच्या पॉलिइमाइडाचे होते. असे शीड घड्या घालून यानात भरावे लागते व उलगडल्यावर त्या घड्यांनी पटलाला दिलेली वळणे राहतातच. २५ डिसेंबर २०२१ रोजी प्रक्षेपित झालेल्या जेम्स वेब अवकाश दूरदर्शकाचा ऊनरोधक पडदा सु. २१ मी. लांब व १४ मी. रुंद असून त्यात लेप दिलेल्या कॅप्टनाचे पाच थर आहेत. सूर्याकडील थर सु. ५० मायक्रोमीटर व इतर चार सु. २५ मायक्रोमीटर जाडीचे आहेत. हे थर ताणण्याचे काम ४ जानेवारी २०२२ रोजी पूर्ण झाले. त्यांतील सर्वांत उष्ण थराचे तापमान ११०° से.पर्यंत चढू शकते, तर सर्वांत थंड थराचे शून्याखाली सु. २३७° से.पर्यंत उतरते. रेणूंच्या दृष्टीने पाहता पहिला थर बीटा प्रदेशात आहे, तर शेवटचा गॅमा प्रदेशाच्याही बराच खाली, जवळजवळ संपूर्ण गोठलेल्या अवस्थेत आहे. एकाच पदार्थाचे हे दोन थर काळाच्या ओघात निरनिराळ्या गतीने शिथिल होतात, म्हणून त्यांच्या आकाराचा हिशेब आधीच करून ठेवावा लागतो.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या उपग्रहांवर दिसणारे सोनेरी आवरणही अशाच पटलांचे असते. ॲल्युमिनियमाचा चकचकीत थर पटलाच्या आतील बाजूस असतो आणि तो पॉलिइमाइडाच्या पिवळसर रंगातून दिसल्याने सोन्याचा भास होतो. या आवरणात पटल फारसे ताणलेले नसल्याने शिथिलनाचा प्रश्न तितका गंभीर नसतो; तेथे उष्णतेला व प्रारणाला टिकणे अधिक महत्त्वाचे ठरते.

कोणत्याही एका घडणीचे पॉलिइमाइड सर्व कामांना पुरे पडत नाही. ताठ रेणूंचे पटल आकार राखते, पण अधिक ताठ केल्यास मोडते; बिजागऱ्यांचे पटल घडी सोसते, पण ती घडी आपल्यात साठवून ठेवते; वर्णहीन पटल प्रकाश जाऊ देते, पण त्याच्या शृंखलांची परस्परांवरील पकड सैल असते. म्हणून उपयोगाचे तापमान, त्याचा अवधी आणि पटलाला सोसावी लागणारी विकृती ही तिन्ही ठरवूनच शृंखलेतील ताठ भाग, बिजागऱ्या, पार्श्वगट व जोडणीची स्थाने यांची निवड करावी लागते.